अकरा तारखेची एकादशी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या दुकानात अजून वहीची पूजा होते. सांगलीच्या बाजारपेठेतले हे दुकान नट-बोल्ट, बेअरिंग, यंत्रांचे पट्टे अशा मालाचे. वडिलांनी ते १९६८ साली काढले आणि आता माझे थोरले बंधू चालवितात. २०१९ च्या महापुरात कृष्णामाई दुकानाच्या माळ्यापर्यंत चढली, जुन्या वह्यांचा लगदा झाला. पण त्या वर्षीही दिवाळीला नवी लाल वही आली, पाटावर बसली आणि तिच्या पहिल्या पानावर 'श्री' आणि 'शुभ-लाभ' उमटले. अलीकडे वहीच्या शेजारी दादांचा मोबाइलही पूजेला असतो. कारण कराचे विवरणपत्र भरताना सरकारचा सहा आकडी ओटीपी त्याच्यावरच येतो. काचेवर कुंकू सांडू नये म्हणून वहिनी मोबाइलवर विड्याचे पान ठेवतात आणि पानाला कुंकू लावतात. या मोबाइलने एकदा आमची कशी फजिती केली, ते पुढे येईलच.

मी स्वतः महाविद्यालयात मराठी शिकवितो. पगारदार माणूस. माझा कर पगार हाती येण्यापूर्वीच कापला जातो. वर्षातून एकदा १६ नंबरचा फॉर्म मिळतो आणि तो पाहून आपण राष्ट्राला केवढा हातभार लावला याचा मला थोडा अभिमान आणि पुष्कळसे दुःख होते. त्यामुळे व्यापारी मंडळी कराच्या तारखांनी एवढी हैराण का होतात, हे कोडे मला कधी उलगडले नव्हते. "तारीख महिनाभर आधी ठाऊक असते, मग शेवटच्या दिवशी धावपळ कशाला?" असे मी दादांना ऐकवीत असे. विद्यार्थ्यांना 'निबंध वेळेवर द्या' म्हणून बजावण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला असे बोलणे फार सोपे. दादा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. ते रागावत नसत. नुसते हसून म्हणत, "एकदा करून बघ, म्हणजे कळेल."

ते करून बघण्याची पाळी माझ्यावर २०२३ साली आली.

खाकी पिशवी

त्या वर्षीची भाऊबीज होऊन आठवडा झाला असेल नसेल, तोच दादांच्या छातीत कळ आली. मिरजेच्या रुग्णालयात हलविले. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. पुतण्या पुण्याला नोकरीत. दुकानाच्या गल्ल्यावर वहिनी बसू लागल्या, माल काढून द्यायला जुना नोकर होताच. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी दादांनी मला जवळ बोलावले. मला वाटले, आता काही निरवानिरवीचे बोलणार. माझा कंठ दाटून आला. दादा म्हणाले, "कपाटात खाकी पिशवी आहे. बिलं आहेत त्यात. अकराच्या आत वकिलांकडे पोचव."

आमच्या बाजारात करसल्लागाराला 'वकील' म्हणण्याची जुनी पद्धत आहे. विक्रीकराच्या दिवसांपासूनची ती. काम अगदीच सोपे होते. महिनाभराची विक्रीची बिलबुके आणि खरेदीची बिले त्या पिशवीत घालून नेऊन द्यायची. पुढचे सारे वकिलांच्या कचेरीतली मुले करीत.

पिशवी मी घरी आणली आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवली. खाली टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. सकाळी परीक्षा, दुपारी मिरज, रात्री उत्तरपत्रिका. ११ डिसेंबरला कचेरीतल्या मुलाचा फोन आला, तेव्हा मी परीक्षेच्या वर्गात होतो आणि मोबाइल बंद होता. संध्याकाळी त्याची हाक दिसली. पण त्याच वेळी दादांना अतिदक्षता विभागातून बाहेर आणले होते. त्या आनंदात पिशवी कपाटावर राहिली, ती थेट १९ तारखेला त्याच मुलाने पुन्हा फोन करीपर्यंत.

२० तारखेला मी धावत-पळत पिशवी पोचविली. उघडून पाहतात तो एक बिलबुक कमी! ते दुकानातल्या खणात होते. ते आणले. सगळी नोंद होता होता शनिवार आला. मग रविवार, मग नाताळ. २६ तारखेला विवरणपत्र तयार झाले, तर ओटीपी दादांच्या मोबाइलवर जाणार. आणि मोबाइल वहिनींनी दवाखान्याच्या धांदलीत बंद करून कपड्यांच्या पेटीत ठेवलेला. तो शोधून चार्ज करून चालू केला आणि २७ डिसेंबरला, म्हणजे पहिल्या तारखेपासून सोळा दिवसांनी व दुसरीपासून सात दिवसांनी, नोव्हेंबरचे काम पुरे झाले.

"दंड किती?" मी भीत भीत विचारले.

वकिलांनी आकडा सांगितला. दर दिवसाला ५० रुपये याप्रमाणे सात दिवसांचे विलंब शुल्क ३५० रुपये. रोख भरावयाचा कर वीस हजार होता. त्याच्यावर वर्षाला १८ टक्के दराने सात दिवसांचे व्याज ६९ रुपये. एकूण ४१९.

मी सुटकेचा निःश्वास सोडला. चारशे एकोणीस रुपये! एवढ्यासाठी व्यापारी लोक एवढा आकांत करतात? मी खिशातून पैसे काढून दिले आणि आजारी माणसाला कशाला त्रास, म्हणून दादांना काही सांगितले नाही.

आपली तारीख, दुसऱ्याचे पैसे

वाचकहो, माझी चूक नेमकी इथे होती आणि ती समजायला मला दोन महिने लागले. ती समजावून सांगायची तर वस्तू-सेवा कराचे चक्र कसे फिरते ते थोडे सांगितले पाहिजे. भिऊ नका, मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक नाही. मला जेवढे कळले तेवढेच सांगतो.

१ जुलै २०१७ ला हा कर आला. त्यापूर्वी आमच्या राज्यात २००५ पासून मूल्यवर्धित कर होता, आणि त्याच्याही आधी विक्रीकर. नव्या करात दुकानदार गिऱ्हाइकाकडून कर घेतो, पण स्वतः माल आणताना जो कर दिला असेल तो त्यातून वजा करून उरलेलाच सरकारात भरतो. या वजावटीला बाजारात सगळे 'क्रेडिट' म्हणतात. कुपवाडचा एखादा कारखानदार आमच्याकडून चार लाखांचा माल नेतो, तेव्हा १८ टक्क्यांनी ७२ हजार रुपये कर आम्हाला देतो. पुढे त्याने बनविलेला माल विकल्यावर जो कर त्याला भरायचा असतो, त्यातून हे ७२ हजार वजा होतात.

पण केव्हा? आम्ही आमच्या विक्रीचा तपशील सरकारला कळविला तर! तो कळविण्याची तारीख पुढच्या महिन्याची ११. त्यानंतर १४ तारखेला प्रत्येक खरेदीदाराला सरकारी संकेतस्थळावर त्याच्या क्रेडिटची यादी मिळते. जे बिल त्या यादीत नाही, त्याचे क्रेडिट त्या महिन्यात नाही. मग २० तारखेला कर भरायचा. ज्याने ११ तारीख चुकविली त्याची बिले पुढच्या महिन्याच्या यादीत जातात. शिवाय विक्रीचा तपशील दिल्याखेरीज २० तारखेचे विवरणपत्रही भरता येत नाही; पहिली पायरी चुकली की दुसरीवर पाय पडतच नाही.

लहान व्यापाऱ्यांना तीन महिन्यांनी एकदा विवरणपत्र भरण्याची सवलत आहे. वर्षाची उलाढाल पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. तिमाहीच्या मधल्या महिन्यांची बिलेही १३ तारखेपर्यंत स्वतंत्रपणे कळविता येतात. कर मात्र महिन्याच्या महिन्याला भरावा लागतो. त्याहून सोपी दुसरीही एक योजना आहे. तिच्यात दीड कोटीपर्यंत उलाढालीचा दुकानदार एक टक्का कर भरून मोकळा होतो. पण त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि गिऱ्हाइकाला क्रेडिटही मिळत नाही. किराणा दुकानाला ते चालते. आमची गिऱ्हाइके कारखानदार. क्रेडिट नसलेले बिल त्यांच्या काय कामाचे? म्हणून दादांनी दरमहा विवरणपत्राचा त्रासाचा मार्ग पत्करला होता.

थोडक्यात, ११ तारीख चुकली तेव्हा आमचे ४१९ रुपये गेले. आणखी कोणाचे काय गेले, याचा मी विचारच केला नव्हता.

कोरे पान

दादा फेब्रुवारीत दुकानात येऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी खतावणी मागविली आणि पाने उलटता उलटता थांबले.

"कुपवाडच्या लेथवाल्यांचं पान कोरं कसं?"

हे लेथवाले आमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. पंपाचे भाग बनवितात. सात कामगार आहेत. नोव्हेंबरात त्यांनी चार लाखांचा माल नेला होता आणि पैसेही चुकते केले होते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर मात्र एकही बिल नव्हते. दवाखान्यात ते दादांना भेटून गेले होते. शहाळी घेऊन आले होते, तासभर बसले होते. त्या तासभरात त्यांनी कराचा 'क' उच्चारला नव्हता.

मला सारे सांगणे भाग पडले. खाकी पिशवी, उत्तरपत्रिका, पेटीतला मोबाइल, चारशे एकोणीस रुपये. दादांनी शांतपणे ऐकून घेतले. ओरडले असते तर बरे वाटले असते. शेवटी एवढेच विचारले, "तू त्यांच्याकडे जाऊन आलास का?"

"नाही. मला वाटलं, दंड भरला, संपलं."

"सरकारचं संपलं," दादा म्हणाले. "चल, रिक्षा बोलाव."

डॉक्टरांनी जास्त हिंडू नका म्हणून सांगितले होते. वहिनी नको नको म्हणत राहिल्या; पण दादा निघाले.

लेथवाल्यांनी आम्हाला पाहून यंत्र बंद केले, हात पुसले, दादांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला. बराच वेळ तब्येतीच्या गोष्टी झाल्या. मग दादांनीच विषय काढला. लेथवाले संकोचले. मला म्हणाले, "सर, तुमच्यावर घरचं संकट होतं. मी काही मनात धरलं नाही." आणि मग, दादांनी फारच आग्रह केल्यावर, हळूहळू सांगू लागले.

१४ डिसेंबरला यादी पाहिली तर आमची बिले नव्हती. वाटले, उशिरा दिसतील. २० तारखेला कर भरायचा, आणि ७२ हजार कमी पडत होते. ते ७२ हजार त्यांनी एकदा आम्हाला दिलेले होते. आता दुसऱ्यांदा सरकारला द्यायचे. पुढच्या महिन्यात वळते होतील हे खरे, पण पुढच्या महिन्यात. इकडे महिनाअखेर कामगारांचे पगार. ज्या मोठ्या कारखान्याकडून यांचे पैसे यायचे, तो आपल्या सवडीने देणार. शेवटी पतसंस्थेत बायकोच्या बांगड्या ठेवल्या आणि कर भरला. जानेवारीत क्रेडिट मिळाले, तेव्हा बांगड्या सोडविल्या.

"संक्रांतीला बांगड्या घरात नव्हत्या," ते म्हणाले. "बायको काही बोलली नाही. पण हळदी-कुंकवाला बायका येतात, त्यांचं लक्ष हाताकडेच जातं."

मी खाली मान घालून बसलो होतो. दादांनी पाकीट काढले. ७२ हजारांचे महिन्याचे १८ टक्क्यांनी १,०८० रुपये होतात. तेवढे तरी घ्या म्हणाले. लेथवाल्यांनी हात जोडले.

"व्याजाचं काही नाही हो, दादा. इतकी वर्षं तुमचं बिल यादीत आहे का, हे मी कधी बघितलंच नाही. असणारच, असं समजून चालत होतो. आता बघावं लागतं, एवढंच वाईट वाटतं."

परतताना रिक्षात दादा काही बोलले नाहीत. बाजारपेठ आल्यावर म्हणाले, "वडील सांगायचे, उधारी बुडाली तरी दुकान चालतं. शब्द बुडाला की चालत नाही. आता अकरा तारीख हाच आपला शब्द आहे."

भिंतीवरची एकादशी

त्या दिवसापासून दुकानाच्या तारखांचे काम मी मागून घेतले. पहिल्या महिन्यात मी एक लांबलचक तक्ता केला, चार रंगांच्या शाया वापरल्या. वहिनींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "भावजी, एवढं कशाला? मी दूधवाल्याचा हिशेब कॅलेंडरवर ठेवते, तिथंच हेही लिहा. अकरा तारीख म्हणजे आपली एकादशी समजायची. एकादशी कधी विसरतो का आपण? आणि दशमीलाच तयारी करायची."

ती युक्ती तक्त्याहून सरस ठरली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर ११ आणि २० या तारखांना लाल खूण झाली आणि ५ तारखेला हिरवी. हिरवी म्हणजे खाकी पिशवी वकिलांकडे पोचली पाहिजे. पुढे आम्ही पिशवीही महिन्याची ठेवली नाही. दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करताना आठवड्याची बिले देऊन यायची असे ठरविले. महिनाभराचे काम एका दिवसात होत नाही, पण आठवड्याचे अर्ध्या तासात होते.

तारखेइतकेच महत्त्वाचे पैशाचे. गल्ल्यात आलेल्या ११८ रुपयांतले १८ आपले नव्हेत, हे तोंडाने सगळेच म्हणतात. पण गल्ला एकच असल्यामुळे ते १८ घाऊक व्यापाऱ्याच्या हप्त्यात किंवा घरच्या किराण्यात कधी गेले ते कळत नाही. २० तारीख अवघड जाते ती विसरल्याने थोडी आणि पैसे संपल्याने जास्त. आता आम्ही कराच्या पैशासाठी बँकेत वेगळे खाते ठेवले आहे. दर शनिवारी बिलांबरोबर त्या आठवड्याचा अंदाजे करही तिकडे जातो.

ज्या महिन्यात काही विक्रीच झाली नाही, त्या महिन्याचेही विवरणपत्र भरावे लागते. 'धंदाच नव्हता, काय भरायचे?' असे म्हणून आमच्या पेठेतला एक शिंपी स्वस्थ बसला. कोऱ्या विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये पडतात, हे त्याला फार उशिरा कळले. सलग सहा महिने विवरणपत्र न भरणाऱ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. आणि तीन वर्षे उलटून गेलेले विवरणपत्र तर आता भरताच येत नाही.

हे झाले वस्तू-सेवा कराचे. ज्यांचे दुकान नाही त्यांनीही हसू नये. घरी शिकवण्या घेणारे, डबे करणारे, शिवणकाम करणारे कितीतरी वाचक असतील. त्यांना वस्तू-सेवा कर कदाचित लागू होणार नाही. आपल्या राज्यात मालाच्या व्यापाराला वर्षाची ४० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत मोकळीक आहे. पण आयकराच्या तारखा असतात. पगाराबाहेरच्या मिळकतीमुळे वर्षाचा कर १० हजारांच्या वर जाणार असेल, तर तो वर्ष संपण्यापूर्वीच हप्त्यांनी भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. लहान धंदेवाल्यांना उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून कर भरण्याची सोय आहे. ती घेणाऱ्यांना १५ मार्च ही एकच तारीख. हप्ता चुकला की महिन्याला एक टक्का व्याज. वर्षाचे विवरणपत्र भरण्याची ३१ जुलै ही तारीख तर घराघरांत पाठ झालेली होती. पण २०२५ साली ती आधी १५ सप्टेंबरपर्यंत आणि मग, संकेतस्थळावर गर्दी उसळल्यामुळे, आणखी एकच दिवस पुढे गेली. मुदत वाढेल या भरवशावर बसणाऱ्यांना तो एक दिवस पुरला की नाही, देव जाणे. तारखा बदलतात, म्हणून दर वर्षी नव्याने पाहून कॅलेंडरवर लिहाव्यात.

दोन पाडवे

या कामात पडल्यावर माझ्यातला मराठीचा मास्तर स्वस्थ बसेना. मी शब्द उकलू लागलो. 'कर' म्हणजे हात आणि 'कर' म्हणजे सरकारचे देणे. 'तारीख' अरबी, 'मुदत' अरबी. 'हप्ता' फारसी, मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. म्हणजे आमचा शनिवारचा नेम शब्दाच्या मुळाशी धरूनच होता म्हणायचा! कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सरकारी हिशेबाचे वर्ष ३५४ दिवसांचे सांगितले आहे, ते आषाढी पौर्णिमेला संपे, आणि त्या वेळी हिशेब घेऊन हजर न होणाऱ्या अधिकाऱ्याला दंड होता. ते वाचून मला जरा धीर आला. पिशवी विसरणारे त्या काळीही असले पाहिजेत.

आपल्या व्यापाऱ्याला पूर्वापार नवे वर्ष कार्तिकातल्या पाडव्याला सुरू होते. सरकारचे नवे वर्ष १ एप्रिलला. ती वहिवाट इंग्रजांनी १८६७ पासून घातली. त्याआधी सात वर्षे, सत्तावन्नच्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी, १८६० साली जेम्स विल्सन यांनी आयकर आणला होता. तेव्हापासून व्यापारी दोन पाडवे पाळतो. एकाला तो वहीची पूजा करतो आणि दुसऱ्याच्या आधी वहीचा ताळेबंद करतो. माझ्यासारखा पगारदार यातला कुठलाच पाडवा पाळत नाही. त्याच्यासाठी दुसरेच कोणी तो पाळीत असते. मला महाविद्यालयातून १६ नंबरचा फॉर्म मिळतो, तोही आमच्या कचेरीतल्या लेखापालाने दर महिन्याच्या ७ तारखेची चिंता वाहिली म्हणून. इतकी वर्षे मी त्यांना 'फॉर्म कधी देता?' एवढेच विचारीत आलो होतो. त्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्या टेबलाशी जाऊन बसलो आणि त्यांचे आभार मानले. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले.

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाला, १ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, दुकानात नेहमीची मंडळी जमली होती. लाह्या-बत्तासे वाटणे चालले होते, तोच लेथवाले आले. बरोबर पत्नीही होत्या. हातात बांगड्या होत्या. वर्षभरात त्यांनी आमच्याकडून पुन्हा माल घ्यायला सुरुवात केली होती, पण निम्माच. निम्मा दुसऱ्या दुकानातून नेत. दादांनी त्याबद्दल कधी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

पूजा झाल्यावर दादांनी नवी वही माझ्यापुढे सरकविली. "तू लिही. तुझं अक्षर बरं आहे."

मी 'श्री' लिहिले, 'शुभ-लाभ' लिहिले. दादा म्हणाले, "खाली या महिन्याच्या तारखा टाक."

मी लिहिले: ११, २०.

लेथवाले वाकून पाहत होते. "वीस तुमची तुम्ही बघा," ते हसून म्हणाले. "माझं काम अकराशी."

दादाही हसले. मग त्यांनी पाटावरचा मोबाइल उचलला, त्याच्यावरचे विड्याचे पान बाजूला केले आणि तो चालू आहे ना, ते पाहिले.